बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी बाहेर काढा

डिसेंबर-जानेवारीत सोलापुरात पहाटेचा गारठा वाढला, की अनेक घरांत बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या बंद होतात. फटींत फडकी कोंबतात, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वर ओवा-शेपा टाकून धुरी देतात. कारण एकच, "बाळंतिणीला वारा लागू नये." ही पद्धत जिवावर बेतू शकते आणि ती थांबलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल, "आमच्या आजीनं अशीच बाळंतपणं केली, काही झालं नाही." पण आजीचं घर आठवा. माळवदाच्या छताला धूर जायला झरोका होता, दारांना फटी होत्या. आज स्लॅबची खोली आणि घट्ट बसणाऱ्या काचेच्या खिडक्या आहेत. शेगडी तीच राहिली, घर बदललं. शिवाय त्या काळी बाळं कशानं दगावली, हे तपासत तरी कोण होतं?

"निखारे लाल झाले की धूर नसतो, मग धोका कसला?" हा सर्वांत घातक गैरसमज आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. राखेखाली झाकलेले निखारेही हा वायू सोडत राहतात. खोलीत पाण्याचं भांडं ठेवून उपयोग नाही, कारण तो पाण्यात फारसा विरघळतच नाही.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणं. घरातल्या दोघातिघांना एकदमच असं झालं, तर आधी शेगडीवर संशय घ्या. बाळ बोलू शकत नाही. ते दूध ओढत नाही, सुस्त पडतं आणि आपण म्हणतो, "शेकानं छान झोपलंय." बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा चांगला दाखवू शकतो. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा, डॉक्टरांना शेगडीबद्दल सांगा.

आजीचं एक मात्र खरं आहे, नवजात बाळाला ऊब लागतेच. पण त्याला शेगडी लागत नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटनाही ही पद्धत सुचवते. बाळाला आईच्या अंगाशी घ्या, टोपी-मोजे घाला, दोघांवर चादर पांघरा, बाळाचं तोंड मात्र उघडं ठेवा. चादरींच्या गावाला हे का सांगावं लागतं?

शेक घ्यायचाच असेल, तर दिवसा, उघड्या पडवीत, बाळाला दूर ठेवून घ्या. धुरी बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना देऊच नका.

बाळंतीण स्वतः हे बोलू शकेलच असं नाही. तिला माहेरी-सासरी ऐकून घ्यावं लागतं. म्हणून हे तिच्या नवऱ्यानं, भावानं, सासऱ्यांनी वाचावं आणि आज रात्री निजण्याआधी ती शेगडी स्वतः उचलून अंगणात नेऊन विझवावी.