बाकावरची कैद

मंत्र्यांचा दौरा ठरला की आदल्या रात्री कार्यकर्त्यांना ठाण्यावर बोलवायचे आणि गाड्यांचा ताफा निघून जाईपर्यंत बाकावर बसवून ठेवायचे, हा प्रकार आपल्या कार्यकर्त्यांना नवा नाही. बेडी नाही, कोठडी नाही, नोंदही नाही; वर चहा पाजला जातो. म्हणून सुटून आलेला कार्यकर्ताच सांगतो, 'अटक नव्हती, नुसते बसवले होते.' हे शब्द त्याने यापुढे उच्चारू नयेत.

कायद्याच्या दृष्टीने ती कैदच आहे. जुन्या दंड संहितेतील 'गैर परिरोध' हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये आला आहे. ठरावीक मर्यादेपलीकडे माणसाला बेकायदा जाऊ न देणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याला कुलूप लागत नाही. दाराशी बंदूकवाले उभे केले तरी पुरे, असे उदाहरण खुद्द संहितेत आहे. सालगड्याला उचल फिटेपर्यंत वाड्यात डांबणारा मालक आणि विनाअधिकार बसवून ठेवणारा ठाणेदार या कलमापुढे सारखेच. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुकसानभरपाईच्या दाव्यात तर डांबल्याचे सिद्ध होताच, तसा अधिकार होता हे दाखविण्याचा भार डांबणाऱ्यावर पडतो.

वर्धा जिल्ह्याला तुरुंगाचे भय कधीच नव्हते. विनोबांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह आरंभला. २१ तारखेला अटक झाली, तीन महिन्यांची शिक्षा झाली. परक्या सरकारनेही आरोप ठेवला होता आणि सत्याग्रहीने तो शिरोधार्य मानला. जेथे आरोपच नाही, तेथे शिरोधार्य मानायचे काय?

आणीबाणीत नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकण्याची तयारी दाखविली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार लावून घेतले, न्या. खन्ना तेवढे विरुद्ध राहिले. तो निकाल मोडीत निघायला २०१७ साल उजाडले. दरम्यान १९८३ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात सडलेल्या बिहारच्या रुदुल शाहला एकूण ३५,००० रुपये मिळाले, तर १९८५ मध्ये काही दिवस डांबलेले काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना ५०,०००. हा हिशेब आम्हांला उमगलेला नाही.

प्रतिबंधक अटकेचा अधिकार पोलिसांना आहे, हे खरे. पण मग ती अटकच; तिचा पंचनामा हवा, नातलगांना खबर हवी, चोवीस तासांची मर्यादा हवी. तेव्हा बाकावर बसताच पहिला प्रश्न विचारावा: 'मी आता उठून घरी जाऊ शकतो का?' उत्तर 'नाही' आले, की घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवावी.