फॉरमॅट मारण्याआधी...

जुना डेस्कटॉप मधेच बंद पडायला लागला की आपल्याकडे त्यावर एकच रामबाण उपाय असतो: "फॉरमॅट मार!" माझं स्पष्ट मत आहे की हा उपाय नाही, विचार करायचा कंटाळा आहे. आणि गंमत म्हणजे हा सल्ला बऱ्याचदा आपल्यासारखी, दिवसभर ऑफिसात लॉग चाळत बसणारी मंडळीच देतात.

साधी गोष्ट बघा. विंडोज बिघडली तर सहसा निळा स्क्रीन येतो, मशीन हँग होतं किंवा रिस्टार्ट होतं. पण लाईट गेल्यासारखा अख्खा डबाच खटकन बंद होत असेल, तर पहिला संशय हार्डवेअरवर घ्यावा. खात्री करायचीय? बायोसच्या सेटअपमध्ये जा आणि अर्धा तास तसंच सोडून द्या. तिथे विंडोज सुरूच झालेली नसते. तरीही बंद पडला, तर विंडोज निर्दोष, खटला निकाली. (तिथे टिकला म्हणून हार्डवेअर ठणठणीत, असं मात्र नाही.)

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक तेच कारण समजून गूगल करत बसतात. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. तो पंचनामा आहे, आरोपपत्र नव्हे!

मग शोधायचं कुठे? बाहेरून आत या. बंद पडताना मॉनिटरचा दिवाही पूर्ण विझतो का ते बघा. दोन्ही एकदम गेले, तर दोष यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड किंवा भिंतीतल्या सॉकेटचा. आपल्याकडच्या घरांत यूपीएसची बॅटरी मेलेली असते आणि कुणाला पत्ताही नसतो; लाईट जरा लुकलुकली की सगळं ठप्प. यूपीएस बाजूला काढून एक दिवस चालवून बघायला एक पैसाही लागत नाही.

पुढचा प्रश्न: कधी बंद पडतो? सुरू केल्यावर ठराविक वेळाने, किंवा व्हिडिओ, गेम वगैरे चालू असताना पडत असेल, तर तापमान बघा. प्रोसेसर फार तापला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर जळण्यापेक्षा थेट बंद होतो. म्हणजे ते बंद पडणं हा बिघाड नाहीच, ती संरक्षणाची व्यवस्था आहे. कारण बहुधा फुटकळ असतं: पंख्यात धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा सैल झालेला कूलर.

तापमान ठीक असेल तर एसएमपीएस. १२ व्होल्टची लाईन लोडवर असताना ११.४ ते १२.६ मध्ये हवी. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात सोपं. तो उघडायच्या भानगडीत मात्र पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. शेवटी मदरबोर्ड. कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा चिकट झालेली दिसली तर समजून जा. २००० नंतरच्या काही वर्षांत अशा खराब कपॅसिटरनी जगभर धुमाकूळ घातला होता. २००५ साली एकट्या डेलला त्या दुरुस्त्यांसाठी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

आणि नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे सगळं एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण परवा आमच्या एका मावशींकडे हेच झालं. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारला. पीसी पुन्हा अर्ध्या तासात बंद. मग "नवीनच घ्या" असा सल्ला. उघडून पाहिलं तर कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एक निघालेली. पेस्ट लावून पिन बसवली, काम झालं. पण काकांचे फोटो डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी ड्राईव्हवर. ते गेले ते गेलेच.

दोष एकट्या दुकानदाराचा? मला नाही वाटत. आपण पार्टचे पैसे देतो, फॉरमॅटचे देतो. पण "तासभर बसून नुसतं निदान केलं" याचे पैसे मागितले की आपल्याला ते लुटणं वाटतं. ऑफिसात आपण त्याच निदानाचं तासावारी बिल लावतो! निदानाला किंमत नसेल तर कुणी निदान का करावं? तो विकला जाईल तेच विकणार.

कुणी म्हणेल, दहा वर्षं जुन्या डब्यावर इतका वेळ कशाला? खरंय, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि असल्या बहुतेक मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. लिनक्सवर अजून काही वर्षं निघतील, तो भाग वेगळा. मदरबोर्डच गेला असेल तर खुशाल निरोप द्या. पण गेला आहे हे कळायलाही निदान लागतंच ना? तेव्हा पुढच्या वेळी फॉरमॅटवाल्याला फोन करण्याआधी दोन कामं करा. हार्ड डिस्क काढून बॅकअप घ्या, आणि त्याला आधीच सांगा, "काय बिघडलंय तेवढं शोधा, त्याचे पैसे वेगळे देतो."