वाळूतील पाऊलखुणा

निफाड तालुक्यातील सायखेडा गोदावरीकाठी वसले आहे. दिवसभर मालाची आवक-जावक आणि संध्याकाळी हिशेबाच्या वह्या, हा तेथील व्यापारी घरांचा दिनक्रम. अशा घरातील मूल जादूच्या जाडजूड पुस्तकमालेत तहानभूक विसरले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. ही विकथाच नव्हे काय, असे त्यांना वाटते. १९९७ ते २००७ या काळात सात भागांत आलेली ‘हॅरी पॉटर’ मालिका मराठीतही अवतरली. त्यामुळे हा प्रश्न आता इंग्रजी वाचणाऱ्या मुलांपुरता उरलेला नाही.

जैन परंपरेला हे वेड नवे नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संघदासगणींनी महाराष्ट्री प्राकृतात ‘वसुदेवहिंडी’ रचली. श्रीकृष्णाचे पिता वसुदेव घर सोडून देशोदेशी हिंडतात. वाटेत आकाशगामी विद्याधर भेटतात आणि एका कथेतून दुसरी कथा उमलत जाते. गुणाढ्याच्या लुप्त झालेल्या ‘बृहत्कथे’चे जुने रूप या ग्रंथात टिकून आहे, हे जर्मन पंडित लुडविग आल्सडॉर्फ यांनी दाखवून दिले. गुणाढ्याचे नाव परंपरेने प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणशी जोडलेले आहे. सायखेड्यावरून वाहणारी गोदा पुढे तेथेच पोहोचते.

या ग्रंथातील चारुदत्त हा चंपानगरीच्या श्रेष्ठींचा पुत्र. मित्रांसह नदीकाठी गेला असता त्याला वाळूत विलक्षण पाऊलखुणा दिसतात. त्या कोठून आल्या आणि कोठे गेल्या, याचा माग नाही. त्याचा मित्र गोमुख एकेका खुणेवरून तर्क बांधत जातो आणि शेवटी सर्वांना झाडाला खिळ्यांनी जखडलेला एक विद्याधर सापडतो. चारुदत्त त्याला मुक्त करतो. औषधींनी त्याच्या जखमा भरून येतात. येथे रहस्य बुद्धीने उलगडते आणि चमत्कार करुणेच्या कामी येतो.

पुढे चारुदत्त व्यसनापायी धन गमावतो आणि व्यापारासाठी दूरदेशी निघतो. अवघड डोंगरवाट बोकडांच्या पाठीवरून पार होते. मग त्याच बोकडांना मारून त्यांच्या कातड्यांत शिरायचे, म्हणजे महाकाय पक्षी मांस समजून रत्नद्वीपाला उचलून नेतील, असा बेत ठरतो. ज्यांनी संकटातून पार नेले त्यांचाच वध कसा करायचा, असे चारुदत्त विचारतो. तो वध थांबवू शकत नाही; पण मरणाऱ्या बोकडाला धर्म ऐकवतो. तो जीव देव होतो आणि पुढे मुनींच्या आधी चारुदत्ताला वंदन करतो, कारण त्याचा गुरू तोच. ते मुनी म्हणजे पूर्वी मुक्त केलेला विद्याधरच.

अशा मालिकांची खरी ओढ येथे आहे. जादू डोळे दिपवते. पण पान उलटायला लावते ती ही खात्री, की पहिल्या भागातील लहानशी कृती शेवटच्या भागात हिशेबाला येणार. चोपडीत मांडलेली रक्कम कधीतरी जुळतेच, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही.

‘वसुदेवहिंडी’चा मध्यम खंड रचणाऱ्या धर्मसेनगणींनी रंजक कथेच्या मिषाने धर्म सांगण्याचाच मार्ग धरला. तेव्हा मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसावे. या शक्तीची किंमत कोणी मोजली आणि नायकाने कोणाला वाचवले, एवढे विचारावे. नंतर चारुदत्ताची कथा सांगावी. पुढे काय झाले, हे मूलच विचारील.