साधे मडके बरे, चकाकणारे पारखून घ्या

उन्हाळ्याची चाहूल लागली की रस्त्याकडेला माठांच्या उतरंडी उभ्या राहतात. हल्ली त्यांच्या शेजारी मातीचे तवे, कढया, हंड्याही दिसतात. मातीच्या भांड्यातल्या आमटीची चव न्यारी, हे खरेच. पण घ्यायला गेलेली गृहिणी दोन भांड्यांपुढे अडते. एक साधे, खडबडीत, विटकरी रंगाचे. दुसरे गुळगुळीत, चकाकणारे. साध्या भांड्याच्या छिद्रांत जंतू राहतील, असे वाटून ती चकचकीत भांडे उचलते. निवड चुकण्याचा संभव असतो तो इथेच.

साधे मडके म्हणजे निव्वळ भाजलेली माती. भट्टीच्या शेकडो अंशांच्या आचेत तिच्यातले जंतू जळून जातात. मागे उरतात ती बारीक छिद्रे. त्यांतून पाणी झिरपून त्याची वाफ होते, म्हणून माठ गार राहतो. दह्यातले पाणी शोषले जाते, म्हणून दही घट्ट लागते. केरळातली मीनचट्टी, बंगालमधले मिष्टी दोईचे भांडे, मणिपूरची काळी लोंगपी हंडी ही सारी बिनझिलईचीच.

झिलई म्हणजे मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर. तो कमी आचेवर वितळावा म्हणून काही कारागीर त्यात शिशाचे संयुग मिसळत आले आहेत. अशी झिलई नीट भाजली गेली नाही, तर चिंच, कोकम, लिंबू, दही अशा आंबट पदार्थांत शिसे उतरते. ते चवीला कळत नाही, वासालाही नाही. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शोषले जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही.

म्हणून सगळीच झिलई वाईट असे नव्हे. कडक आचेवर भाजलेली, शिसे नसलेल्या झिलईची चिनी मातीची बरणी लोणच्याला उत्तम. तिथे साधे मडके उपयोगाचे नाही. त्यातून मीठ आणि तेल बाहेर पाझरते.

भांडे घेताना बोटाने वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर तडा असेल किंवा भांडे कच्चे असेल. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. मातकट डाग पडला तर हरकत नाही. भडक रंग उतरला किंवा वार्निशचा वास आला, तर ते भांडे शोभेपुरतेच. शिसे मात्र या परीक्षेत कळत नाही. तेव्हा झिलईत शिसे नाही, अशी खात्री विक्रेता देऊ शकत नसेल, तर चकचकीत भांड्यात अन्न ठेवू नये. शोभेची भांडी आणि कुंड्या स्वयंपाकात आणूच नयेत.

नवे भांडे रात्रभर पाण्यात भिजवावे, मग त्यात तांदळाची पेज उकळून ती टाकून द्यावी. कोरडे भांडे विस्तवावर ठेवू नये; आच हळूहळू वाढवावी. तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नये. साबण छिद्रांत मुरतो, म्हणून गरम पाणी, मीठ आणि काथ्या यांनीच घासावे व उन्हात खडखडीत वाळवावे. मासळीचे भांडे वेगळे ठेवावे. उरलेले अन्न त्यात रात्रभर ठेवू नये. बुरशी किंवा कुबट वास जात नसेल, तर भांडे बाद करावे.

माठाविषयीही एक गैरसमज आहे. माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. पाणी आधी उकळून किंवा गाळणयंत्रातून काढून मगच भरावे. माठावर झाकण ठेवावे, पाणी काढायला दांड्याचे ओगराळे वापरावे. आठवड्यातून एकदा माठ रिकामा करून, घासून, वाळवावा. म्हणजे डेंग्यूच्या डासांनाही त्यात थारा मिळणार नाही.

मातीचे भांडे निगा मागते, पण ती घरच्या घरी जमते. शिसे मात्र घासून निघत नाही. म्हणून घरात लहान मूल असेल तर चकाकीला भुलू नका, साधेच भांडे घ्या.