'शिवकालीन' हे वर्गीकरण नव्हे : एक थ्रेड

१/ शिवजयंती जवळ आली की शिरूर-दौंड भागात गावोगावी शस्त्रप्रदर्शने भरतात. लाल कापडावर तलवारी, कट्यारी, बिचवे मांडलेले असतात आणि प्रत्येकापुढे एकच चिठ्ठी : 'शिवकालीन'. या एका शब्दाने शस्त्राभ्यासाची जितकी हानी केली, तितकी गंजानेही केली नसेल. हे अनेकांना झोंबेल. तरीही पूर्ण विचारांती लिहितो आहे.

२/ आधी आपलाच भूगोल पाहा. दौंडच्या सीमेवरून भीमा वाहते. पैलतीरी पेडगावला बहादूरगड, मोगलांचे मोठे ठाणे. शिरूरला कंपनी सरकारची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ रोजी स्टाँटनची तुकडी तेथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला लढाई झाली. पुढे पूना हॉर्स या घोडदळाचा तळही शिरूरला होता. अशा मुलखातील वाड्याच्या माळ्यावर सापडलेली तलवार मोगल स्वाराची असेल, पेशव्यांच्या शिलेदाराची असेल, किंवा इंग्रजी घोडदळात चाकरी केलेल्या आपल्याच खापरपणजोबांची असेल. ती चिठ्ठी या साऱ्या शक्यता पुसून टाकते. (तिसरी शक्यता तर घरच्यांना मुळीच रुचत नाही.)

३/ "घराणे मराठा, म्हणून शस्त्र मराठा" हा युक्तिवाद तंजावरपुढे कोसळतो. १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले, पुढे इंग्रजांनी तेथील शस्त्रागार मोडले आणि भोसल्यांकडील कट्यारी जगभरच्या संग्रहांत विखुरल्या. त्यांतील कित्येकींची घडण नायकांच्या काळातील, म्हणजे व्यंकोजीराजे तेथे पोहोचण्याआधीची. काहींची पाती युरोपातील. शेवटचा धनी मराठा, मूठ दाक्षिणात्य, पाते फिरंगी! हिला एका शब्दात कसे बसवणार?

४/ पात्यावरचे नाव तरी पुरावा मानावे का? तेही नाही. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातील इटालियन कारागीर. त्याचे नाव खपासाठी जर्मनीतील पात्यांवरही सर्रास कोरले जाई.

५/ जावा आणि मलय प्रदेशात क्रिस नावाची कट्यार आहे. तिचे जाणकार पात्याची वळणे मोजतात (ती नेहमी विषम असतात), पोलादावरील नक्षी वाचतात आणि त्यांवरून काळ व प्रांत ठरवतात. आपल्याकडेही परज, कटोरी, मोगरा, जौहर असे नेमके शब्द आहेत. प्रदर्शनात मात्र त्यांतील एकही ऐकू येत नाही.

६/ गतवर्षी एका प्रदर्शनासाठी एक जुनी तलवार ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासलेली पाहिली. पात्यावरील जौहर गेला, मुठीवरील सोन्याचे काम गेले. ती कोठली हे आता कोणीच सांगू शकणार नाही. चिठ्ठी अर्थात ठरलेलीच होती.

७/ "ही अस्मितेची बाब आहे" हे उत्तर मला ठाऊक आहे. २०२४ मध्ये साताऱ्यात आलेले वाघनख आठवा. ते अफजलखानावर वापरलेलेच, याची खात्री देता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले होते. तेवढ्याने महाराजांचे काय उणे झाले?

८/ चिठ्ठी अशी हवी : "तलवार. पाते युरोपीय, मूठ दख्खनी. दौंड तालुक्यातील एका घराण्याकडून. त्यापूर्वीची माहिती उपलब्ध नाही." यंदा ज्या मंडळांना अशा चिठ्ठ्या हव्या असतील त्यांनी निरोप धाडावा, टेप आणि भिंग घेऊन मी येतो. फक्त तोवर तलवारी घासू नका.