जाळलेल्या भूमीवरील पक्ष्यांची गणती

आग हे वनरक्षणाचे साधन होऊ शकते, ही गोष्ट सामान्य वाचकास सहजी पटणारी नाही. परंतु अमेरिकेच्या आग्नेय भागातील लाँगलीफ पाइन वृक्षांची विस्तीर्ण वने वारंवार लागणाऱ्या आगीमुळेच मोकळी व तृणमय राहिली होती. फ्लॉरिडा राज्यातील टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र १९५८ साली निघाले ते या आगीच्या अभ्यासासाठीच. तेथील एका तुकड्यात १९६७ नंतर मुद्दाम आग लागू दिली नाही. काही वर्षांतच झुडुपे माजली, जमिनीवर गवतात घरटे करणारा बॅकमन स्पॅरो नाहीसा झाला, आणि पुढे गर्द छायेतील पक्षी तेथे राहावयास आले.

विद्यार्थ्यांनी करावयाच्या पक्षीगणनेचे मर्म येथेच आहे. ठरलेल्या जागी पहाटे उभे राहून, ठरलेली मिनिटे, दिसलेला व ऐकू आलेला प्रत्येक पक्षी नोंदावयाचा, हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी उत्तम करू शकतात. कान मात्र तयार हवा. बॅकमन स्पॅरो गवतातच दडून राहतो आणि बहुधा गाऊ लागला तरच त्याचा पत्ता लागतो. अहवालात केवळ जातींची एकूण संख्या मांडणे आम्हांस दिशाभूल करणारे वाटते. आग थांबलेल्या तुकड्यातही पक्षी होतेच. नव्हते ते मोकळ्या वनाचे पक्षी. म्हणून कोण गेला व कोण आला हे नावानिशी लिहिले पाहिजे, आणि तुलनेसाठी न जाळलेला तुकडा शेजारी राखला पाहिजे.

आपल्या देशातही हा प्रश्न आहे. आसामातील काझीरंगा व मानस येथे गवताळ प्रदेश टिकावा म्हणून हिवाळ्यात उंच गवत जाळतात. तेथे आपल्या तणमोराचा भाऊबंद बंगाल फ्लोरिकन राहतो. ही जात आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. विणीच्या काळात नर आखूड गवतावर झेपा घेऊन आपले अस्तित्व दाखवितो. मादीस मात्र अंडी घालण्यास आडोशाचे गवत लागते. सर्व कुरण एकदम जाळले तर तो आडोसा जातो. जाळणी मार्चपुढे लांबली तर अंड्यांचीच राख होण्याचे भय. तेव्हा जाळणीचा दिवस व क्षेत्र केवळ वहिवाटीने ठरावे हे योग्य नव्हे. जवळच्या महाविद्यालयांनी केलेली नोंद जाळणीपूर्वी वनाधिकाऱ्यांच्या हाती पडली पाहिजे, आणि तीही एका वर्षाची नव्हे. परीक्षा संपली की वही मिटली, ही आपली रीत येथे निरुपयोगी आहे. एक विद्यार्थी पदवी घेऊन गेला, तर त्याच जागी, त्याच वेळी उभा राहणारा दुसरा आधीच तयार झालेला असावा.