सापडले नाही म्हणजे नाही काय?

कोलकात्याच्या अलीपूर भागात, बेल्व्हेडिअरच्या आवारात, भारताचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत येथे पाठविणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. पुण्यात छापलेली मराठी पुस्तकेही त्यामुळे येथे येतात. एवढ्या ग्रंथसंभारातून हवे ते शोधावे कसे, हा अभ्यासकांचा जुना प्रश्न. कार्डांच्या खणांची जागा प्रथम संगणकीय सूचीने घेतली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी शोधसाधने जगभरच्या ग्रंथालयांत येऊ लागली आहेत.

जुनी सूची अक्षरे जुळवीत असे, नवे साधन अर्थ जुळविते. बंगालवरील मराठ्यांच्या स्वाऱ्यांचाच विषय घ्यावा. त्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला होता. बंगाली भाषेत ती आठवण ‘बर्गी’ या शब्दात साठली आहे, आणि तो शब्द आपल्याच ‘बारगीर’वरून गेलेला. सूचीत केवळ ‘मराठे’ शोधणाऱ्याच्या हाती ‘बर्गीं’विषयीचे लेखन लागत नसे. नवे साधन हा दुवा जोडून देऊ शकते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. त्या कसोटीवर हे साधन स्वागतार्हच ठरते.

परंतु यंत्र शोधते ते यंत्राला वाचता येईल अशा मजकुरातच. गंगारामाचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे या स्वाऱ्यांचे वर्णन करणारे बंगाली काव्य हस्तलिखित पोथीच्या रूपाने टिकून राहिले. कोणी ती पोथी वाचून प्रसिद्ध केली नसती, तर यंत्राच्या लेखी ती नसल्यातच जमा होती. अशा किती पोथ्या आणि किती मोडी दफ्तरे अद्याप बांधलेलीच आहेत! त्याहून घातक गोष्ट म्हणजे ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, लेखक आणि साल बिनदिक्कत सांगून मोकळी होतात. त्यापेक्षा कोरे उत्तर पत्करले.

सर जदुनाथ सरकारांचा ग्रंथसंग्रह याच ग्रंथालयात आहे. मराठ्यांच्या इतिहासासाठी हा बंगाली पंडित मराठी शिकला. रियासतकार सरदेसाई यांच्याशी त्यांचा दीर्घ काळ विचारविनिमय चालला. मूळ कागद पाहिल्यावाचून त्यांचे समाधान होत नसे. यंत्राने दिलेला दहा ओळींचा सारांश म्हणजे संशोधन, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

मात्र जदुनाथांचा दाखला चंद्रपूरच्या विद्यार्थ्याला सांगणे सोपे आहे. त्याला कोलकात्याला जाणे परवडत नाही. साधनाची गरज त्यालाच सर्वाधिक, आणि उत्तर पडताळण्याची सोयही त्यालाच सर्वांत कमी. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले, २०१८ मध्ये राष्ट्रार्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय त्याला काही मूळ ग्रंथांपर्यंत नेऊ शकते. म्हणून प्रत्येक शोधसाधनाने आपण कोणते संग्रह धुंडाळले आणि कोणते नाही, हे उत्तराशेजारीच सांगितले पाहिजे. ग्रंथालयांनीही अशा साधनांवर खर्च करताना जुन्या पोथ्या व मोडी कागद वाचून घेण्यासाठी निधी राखून ठेवावा. मोडी सहज वाचणारे जाणकार आता थोडेच उरले आहेत. ते काम त्यांच्या हयातीतच व्हावयास हवे.